घरटी एक

आमच्याकडे लग्नाचं आवतन दोन प्रकारचं. घरटी एक, म्हणजे घरातल्या एकाच माणसानं यायचं. आणि चूलबंद, म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. फरक एका शब्दाचा. पण त्या शब्दापायी माझ्या लग्नाआधीचे दिवस मी जसे काढले, तसे वैऱ्याच्या पोरीवरही येऊ नयेत.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. आबा अहमदपूरच्या मोंढ्यात मापाडी. शेतकऱ्यांचं धान्य काट्यावर तोलायचं आणि त्याची मजुरी घ्यायची. धान्यच येईना तर तोलणार काय? अशात देवणीकडचं स्थळ जमलं. मुलगा नव्या जिल्हा कचेरीत कारकून. गावानं त्याला न बघताच 'जिल्ह्याचा जावई' करून टाकलं.

आमच्या घराण्यात बी. ए. झालेली मी पहिली. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे. म्हणून लग्नाच्या खर्चाचा हिशेब मीच मांडला. बँड नाही, हलगी. मांडवाला मोंढ्यातल्या रिकाम्या पोत्यांची सावली. पाण्याचा एक टँकर. आणि जेवण घरटी एक. यातून उरेल ते धाकट्या बहिणीचं. ती मॅट्रिकला होती, तिला लातूरला कॉलेजात घालायचं होतं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "आन् ह्यातलं काय मोडलं तर?"

"मोडायचंच नाही," मी म्हटलं. तेव्हा मला असं बोलता येत होतं.

लग्न आठवड्यावर आलं होतं. सरकारी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी होते. पुढच्या बाईनं वळून विचारलं, "काय गं नवरीबाई, आम्ही घरचे नऊ जण येऊन राहिलो. बसायला सावली तरी हाय का तेवढी?"

"नऊ?"

"मग? चूलबंद आवतन दिलंय तुझ्या मायनं. सासू तर कालपासून उपाशी हाय तुझ्या बुंदीसाठी."

बायका हसल्या. मीही हसले, कारण चेहऱ्याचं दुसरं काय करावं ते कळेना.  

घरी आले तर आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं. तिनं सुपातला एक खडा वेचून फेकला. मग म्हणाली, "पहिल्याच दारात त्या पाटलिणीनं विचारलं, 'घरटी का चूलबंद?' वरून म्हणाली, 'जिल्ह्याचा जावई करून राहिलात, घरटी थोडीच म्हणणार तुम्ही.' मग माझ्या तोंडातून निघूनच गेलं. आन् एका घराला चूलबंद म्हणल्यावर दुसऱ्याला कमी कसं म्हणू?"

"म्हणजे सगळ्या गावाला?"

"सगळ्या."

आबा उंबऱ्यात बसून ऐकत होते. "आडत्याकडून उचल घेतो," ते म्हणाले. "दुसरा टँकर आणतो, शिधा वाढवतो."

उचल म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मोंढा बंद असताना घेतलेली उचल फेडायला वर्षं जातात, आणि पहिल्यांदा जातं ते पोरीचं शिक्षण. धाकटी आत अभ्यास करत होती. तिचा वाचण्याचा आवाज थांबला होता.

मी म्हटलं, "आवतन बदलून येऊ."

"बदलून?" आईनं सूप खाली ठेवलं. "दिलेलं आवतन कुणी माघारी घेतंय का? बाई, मला मारून टाक, पर हे सांगू नको."

माझा स्वतःचाही विश्वास बसत नव्हता. पण दुसरी वाट दिसत नव्हती. त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावी एका लग्नात पाणी संपलं होतं. अर्ध्या जेवणातून वऱ्हाड उठलं, नवरीला घेऊन गेलं, आणि ती पोर आजपर्यंत सासरी 'तहानलेल्यांची' म्हणून ओळखली जाते. मला रोज तेच दिसायचं: माझी पंगत, आणि रिकाम्या पिंपाच्या तळाला खरवडणारा तांब्या.

हळद लागायच्या आधी मी निघाले. नवरीनं असं दारोदार जायचं नसतं. आई डोक्यावरचा पदर पार पुढं ओढून मागं चालत होती.  प्रत्येक दाराशी मी एकच वाक्य म्हणत गेले, "पाण्याची तजवीज होईना, चूलबंद नाही, घरटी एक या."

पाटलीणबाई म्हणाल्या, "शिकली ते ह्याच्यासाठी व्हय?"

एक म्हातारा बाजेवरून उठून बसला. "आवतन माघारी घेणारे पहिल्यांदाच बघितले. उद्या नवरी माघारी न्याल."

एका घरानं काही न बोलता दार लावून घेतलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं. फक्त वेशीजवळची एक चाची म्हणाली, "बरं झालं बेटी. घरच्या सात जणांचे लग्नाला घालायचे कपडे धुवायला पानी कुठून आणलं असतं मी?" मी तिथंच रडेन असं वाटलं, म्हणून घाईनं पुढं निघाले.

मग नवी भीती सुरू झाली. आता कुणीच आलं नाही तर? देवणीचं वऱ्हाड येणार, आणि मांडवात आमच्या गावचं एक माणूस नाही. म्हणजे गावानं वाळीत टाकलेल्यांची पोर केली, असंच ते म्हणणार.

लग्नाच्या दिवशी मी मुंडावळ्या बांधून बसले. अक्षता पडल्या तेव्हा मांडवात वऱ्हाडच होतं आणि आमचे भावकीतले थोडे. आबा पुन्हा पुन्हा वेशीकडं जाऊन येत होते. वऱ्हाडाची पंगत बसली. ती उठता उठता गाव आलं.

घरटी एक आलं. शब्दाला पक्कं. पण प्रत्येक घरानं आपला सगळ्यात मोठा खाणारा निवडून पाठवला होता. तालमीतले, खळ्यावरचे, पाटलिणीचा तो दाराच्या चौकटीतून आडवा होऊन जाणारा दीर. ते ओळीनं बसले. दीर मांडी ठोकून म्हणाला, "घरटी एक म्हणलात ना? मग घरानं निवडून दिलाय. वाढा."

पंगत खदखदा हसली. वाढपी पोरांचे चेहरे पडले.  नवरा हळूच म्हणाला, "तुमच्या गावची माणसं अंगानं चांगली आहेत." त्याला काहीच माहीत नव्हतं. मी मान खाली घालून ऐकत होते. बुंदीचं पातेलं ओढल्याचा आवाज. "अजून घाल." भाताचं घमेलं. "पाणी, पाणी हिकडं." मग आतून आचाऱ्याचा दबका आवाज, "तिसरं पिंप उघडलं." शेवटचं तेच होतं.

पुरलं. कसं, ते नंतर कळलं. आमच्या घरातल्या बायका जेवल्याच नव्हत्या आणि धाकटी पिंपाजवळ उभी राहून तांब्या अर्धाच भरून देत होती. दीरानं पाचव्यांदा पाणी मागितलं तेव्हा ती म्हणाली, "काका, ह्यातच माझी फी हाय." तो हात धुवायचं पाणी न मागता उठला. त्याच्यामागं बाकीचेही धोतराला हात पुसत उठले.

जूनमध्ये आबा तिला लातूरला आमच्या भाड्याच्या खोलीवर सोडायला आले. चहा झाला. मी विचारलं, "गावात काय म्हणतात?"

"घरटीवाले म्हणतात."

"तुम्हाला?"

"सगळ्यांना. तुझ्या मायला लई लागतं. मी मोंढ्यातून येताना आता चावडीवरून जात न्हाई, मागच्या वाटेनं जातो."

 माफ करा म्हणावं, तर मी पुन्हाही तेच केलं असतं. आबांनी धाकटीची पेटी खाटेखाली सरकवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घाईनं उठले. अंधाराच्या आत गाव गाठायचं होतं. मागची वाट ओढ्यातून जाते, नुसते दगड.