आतली गर्दी

ऑफिसात तिला सगळे केरसुणी म्हणायचे, आणि तिला त्याचा राग नव्हता. कामच तसं होतं तिचं. औषधं शरीरात काय करतात, त्याच्या फिल्म ती कॉम्प्युटरवर बनवायची. पेशीच्या आत रेणूंची ही झुंबड, मुंगीला शिरायला जागा नाही. हिने एक बटण दाबलं की पाणी गायब. दुसरं दाबलं की आजूबाजूची प्रथिनं फिकट राखाडी. कुणी थरथरायचं नाही, कुणी कुणाला धडकायचं नाही. उरायचं काय, तर एक निळं प्रथिन, त्यात एक खाच, आणि ऐटीत तरंगत येणारा औषधाचा नारिंगी रेणू. तो थेट खाचेत जाऊन बसायचा. सात सेकंदांत काम फत्ते. बघणाऱ्याचे डोळे भिरभिरले की फिल्म फुकट गेली, हे तिचं पालुपद. आणि ते चूक होतं असं तरी कोण म्हणेल? बक्षिसं काही उगाच मिळाली नव्हती.

मग अण्णांना, म्हणजे तिच्या वडिलांना, रक्ताचा आजार निघाला. बत्तीस वर्षं बसची कंडक्टरकी केलेला माणूस. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीची फिल्म नेमकी हिनेच केलेली. अण्णा गोळ्या म्हटलं की नाक मुरडणारे, म्हणून हिने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि फिल्म लावली. त्यांनी ती चार वेळा पाहिली. याला पत्ता बरोबर ठाऊक आहे की, म्हणाले, आणि त्या दिवसापासून घड्याळ लावून गोळी घ्यायला लागले. घर निश्चिंत झालं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. आकडे जेमतेम हलले होते. अशा औषधाला वेळ लागतो, एकही दिवस चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. अण्णांनी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र त्यांचं बोलणं आटलं. ताटातलं ताटात राहायचं, पेपरची घडी मोडायची नाही. एके दिवशी आईने उशीचा अभ्रा काढला तर आतून अकरा गोळ्या खाली पडल्या. तिने त्या लेकीसमोर ठेवल्या आणि नवऱ्याला जे बोलायचं ते सगळं लेकीलाच बोलून घेतलं.

ही तरातरा अण्णांच्या खोलीत गेली, भांडायच्या तयारीनेच. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"गोळीचा काही दोष नाही गं," ते म्हणाले. "ती सरळ जाऊन बसते, मी पाहिलंय ना. माझ्याच शरीरात खोट असणार. चांगलं औषध कशाला नासवायचं?"

अकरा दिवस हा माणूस स्वतःला नालायक ठरवून पडला होता, आणि तेही तिच्या सात सेकंदांच्या भरवशावर. जळली मेली ती केरसुणी, असं झालं तिला.

दुसऱ्या दिवशी तिने मूळ फाइल उघडली आणि लपवलेलं एकेक परत आणलं. पाणी, क्षार, शेजारपाजारची प्रथिनं, सगळी धक्काबुक्की. पलीकडच्या टेबलावरच्याने विचारलं, डोकं फिरलं का, यात काही दिसतच नाही. तेच दाखवायचंय, ती म्हणाली. संध्याकाळी लॅपटॉप पुन्हा अण्णांच्या मांडीवर.

पडद्यावर नुसता कल्लोळ. नारिंगी रेणू ढकलला जातो, भलत्याच ठिकाणी चिकटतो, सुटतो, खाचेजवळ येतो आणि पुन्हा लांब फेकला जातो. अण्णांनी चष्मा पुसला आणि ते बोटाने त्याला शोधायला लागले. पुढे सरका, पुढे सरका, असं पुटपुटलेसुद्धा. चार मिनिटांनी एकदाचा तो खाचेत टेकला आणि लगेच सुटलाही. मग दुसरा आला.

"सगळ्यांच्या आत असंच असतं?"

"सगळ्यांच्या. तुमच्याच असं नाही, अण्णा."

अण्णांनी पाणी मागितलं. आईने गोळी हातावर ठेवली, ती त्यांनी गिळली आणि तोंड उघडून तिला दाखवलंही. नंतर लेकीकडे वळले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिला जास्त लागलं.

"बत्तीस वर्षं मी गर्दीतच काढली. मग मला रिकामी गाडी का दाखवलीस?"

चुकलेल्या अकरा गोळ्यांनी काय केलं, ते सोमवारी येणाऱ्या रक्ताच्या नव्या रिपोर्टात कळणार होतं.