रविवारचा उपास

सदर भागातला तो रेडिओ दुरुस्त करणारा एका जागी टिकत नाही. हात रेडिओत, नजर रस्त्यावर. दर शनिवारी तो दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहितो, 'उद्या रामटेकच्या टेकड्या. पायी भटकायची हौस असेल त्यानं सकाळी बसस्टँडवर यावं.' या फळ्यामुळेच बँकेतला कारकून, हिंगण्याच्या कारखान्यातला कामगार, कॉलेजातली पोरं एकमेकांना भेटली. नवा माणूस आला की हा सांगतो, "नाव सांग गा. आडनाव घरी ठेव."

टेकडीवर सगळ्यांचे डबे एकाच वर्तमानपत्रावर रिकामे होतात. मीही त्यांच्यात असतो, पण जेवताना बाजूला बसतो. रविवारी माझा उपास असतो, असं पहिल्याच दिवशी सांगून बसलोय. खरं कारण आजवर कुणाला सांगितलं नाही. तिथं कुठली भाकरी कोणाच्या घरची, ते कळत नाही.

परवा तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"कोन्या देवाचा उपास हाय, साहेब?"

"सूर्याचा." सुचलं ते बोललो.

"मंग सावलीत काहून बसून राहिले?"

सगळे हसले. तो हसला नाही. पिशवीतून दोन केळी काढून त्यानं माझ्यापुढं ठेवली आणि हळूच म्हणाला, "साल तुमीच काढा. मंग कोनाचा हात लागत नाई."

मी मान खाली घालून साल काढत राहिलो. म्हणजे केळी घेऊन घरून निघतानाच त्याला सगळं ठाऊक होतं. तो मात्र उठून पुढची टेकडी चढायलाही लागला होता. वरूनच ओरडला, "पुढच्या रविवारी येता ना?"