सॅकमधलं युकुलेले

महिन्यापूर्वी सुधीरच्या बायकोचा, मीनाचा फोन आला. "सुनंदा, सुधीर गेला गं... झोपेतच." मी जिना उतरत होते, तिथेच पायरीवर बसले.

सुधीर परब मुलुंडचा, मी घाटकोपरची. ऐंशीच्या दशकात आम्ही पाच जण सुट्टी मिळाली की डोंगर गाठायचो. तो विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होता. बोटीवरच्या मामाने त्याला युकुलेले आणून दिलं होतं. गिटारचं पिल्लूच म्हणा ना, चार नायलॉनच्या तारांचं. ते कायम त्याच्या सॅकमध्ये. सामान वाटताना मी कुरकुरायचे, "त्यापेक्षा पातेलं घे."

"अगं, अर्धा किलोसुद्धा नाही. दे पातेलं, दोन्ही नेतो." आणि न्यायचाही.

माहुलीवरून उतरताना एकदा सुक्या गवतावरून माझा पाय घसरला आणि घोट्यात कट्‌ असा आवाज झाला. बाकीचे तिघं मदत आणायला खालच्या गावात पळाले. सुधीरने काठ्या लावून पंच्याने पाय बांधला. मला दुखण्यापेक्षा भीतीच जास्त होती. मी शाळेत पीटी शिकवायचे, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं.

"पाय गेला तर रे? लंगडत कवायत घेऊ?"

"ते नंतर बघू. बोटं दाखव आधी." त्याने युकुलेले माझ्या हातात दिलं. "हे बोट इथे. दाब."

"मी इथे मरतेय आणि तू क्लास घेतोयस!"

"मरणारी माणसं इतकी ओरडत नाहीत. दाब नीट."

तीन तास त्याने मला सोडलं नाही. चुकलं की पुन्हा, पुन्हा चुकलं की हसून पुन्हा. गावकरी बांबू-घोंगडीची डोली घेऊन आले, तेव्हा मला दोन सूर नीट वाजवता येत होते आणि सुधीर त्यावर आजीची मालवणी ओवी बेसूर गात होता. डोली उचलल्यावर मात्र तो दगडामागे जाऊन ओकला... इतका घाबरला होता, हे मला तेव्हा कळलं.

हाड किंचित वाकडं जुळलं, पण पीटी मी निवृत्तीपर्यंत शिकवली. दीड वर्षाने सुधीरच मला पुन्हा माहुलीला घेऊन गेला. त्या उतारावर माझे पाय हलेनात. त्याने हात दिला नाही. म्हणाला, "तू पुढे हो. मी वाजवत मागून येतो." उतरले मी!

तेराव्यानंतर मी मीनाकडे गेले. तिने लग्नानंतर एकदाही डोंगर चढला नव्हता. चहा गाळता गाळता म्हणाली, "इतकी वर्षं काय बघायला जायचा गं तो? मला दाखवशील?"

परवा सकाळी आम्ही दोघी मुलुंडच्याच टेकडीवर गेलो. तिचे गुडघे आणि माझा घोटा, दोन्ही कुरकुरत होते. अर्ध्यावर मी वळून विचारलं, "दमलीस? परत जाऊ या?"

मीनाने पदराने घाम पुसला. "परत कशाला?" म्हणाली, आणि मला मागे टाकून पुढे निघाली.