अख्खी दिसले पाहिजे

बेल एकदाच वाजवायची आणि लगेच मागे सरकून जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहायची. दाराच्या भिंगातून पाहिलं की डोक्यापासून बुटांपर्यंत दिसायची. मी एकदा विचारलं, अगं, माणसासारखी दारापाशी का नाही थांबत? तर म्हणाली, "मी अख्खी दिसले पाहिजे, आजी. नुसतं नाक दिसलं की लोक घाबरतात."

तुम्हीही पाहिले असतील बघा हे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक. कोवळी मुलं नाहीतर मुली, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि कायम जोडीनं फिरणार. एकट्यानं कुठे जायचं नाही, असा त्यांचा नियमच आहे. ही टोंगा नावाच्या बेटावरून आलेली, पॅसिफिक समुद्रातून थेट जर्मनीत, आमच्या ड्रेस्डेनच्या थंडीत. अंगानं भरभक्कम, रंगानं माझ्यासारखी, विशीही न गाठलेली. तिच्या जोडीला एक काटकुळी अमेरिकन मुलगी होती, ती सतत घड्याळ बघायची. दोघी आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. हिचं जर्मन आणि माझं इंग्रजी, दोन्ही लंगडी. पण आमचं अडलं नाही कधी.

पहिल्याच दिवशी मी चहा टाकला तर म्हणे आम्ही चहा-कॉफी घेत नाही. मला रागच आला. घरात येऊन बसायचं आणि चहाला नाही म्हणायचं, ही काय रीत? तेवढ्यात हिची नजर खिडकीतल्या माझ्या गवती चहाच्या कुंडीवर गेली. उठली, पात चुरगळली, नाकाशी धरली आणि तशीच उभी राहिली. त्यांच्या घरामागे हेच वाढतं म्हणे, आई रोज उकळून देते. हे चालतं का, विचारलं. चालतं म्हणाली. मग काय, आली की गवती चहाचा उकाळा ठरलेला. अमेरिकन मुलगी तो औषधासारखा प्यायची.

धर्माचं बोलणं मी सुरुवातीलाच मिटवलं. म्हटलं, पोरी, मी माझा गणपती सोडायची नाही. ती म्हणाली, "मीही माझा देव सोडायची नाही. मग बसू या की." तरी तिनं पुस्तक दिलंच, कामच होतं तिचं ते. पुस्तक पायदळी यायला नको म्हणून मी देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं. ते पाहून ती इतकी खूश झाली की मला सांगावं लागलं, फार हुरळून जाऊ नकोस, त्याच फळीवर मुलाच्या गाडीच्या किल्ल्याही असतात.

आता आमच्या ट्रामच्या स्टॉपचं सांगते. तिथे एक कुत्रेवाला उभा असायचा, रोजचा. शरद ऋतूत मी आणि सून तिथे थांबलो होतो, मी नेहमीप्रमाणे पाचवारीत. तो माझ्या साडीकडे बघून काहीतरी बोलला. मला कळलं नाही, पण सुनेचे कान लाल झाले. तिनं मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलानं माझ्यासाठी दोन पँट्स आणल्या. "आई, उगाच कशाला लोकांच्या डोळ्यावर यायचं?" म्हणाला. चिप बनवणाऱ्या कारखान्यात मोठा इंजिनियर आहे तो, इथे घर केलंय त्यानं. त्याच्या जिवाला घोर नको म्हणून मी त्या पँट्स घातल्या. पायांत दोन बोगदे घालून चालल्यासारखं वाटायचं. मग बाहेर जाणंच कमी केलं.

ही मात्र दर रविवारी त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाताना कोटावरून एक कमरपट्टा बांधायची. पानांच्या पट्ट्यांचा विणलेला, खाली झालर लोंबणारा, आईनं दिलेला. मोठ्यांपुढे आणि देवापुढे कमरेला काही न बांधता जाणं म्हणजे त्यांच्याकडे अर्धवट कपड्यांत जाणं. मी म्हटलं, थंडीत कोटावरून कसला पट्टा बांधतेस, आतून बांध. तर पुन्हा तेच. "अख्खी दिसले पाहिजे."

एका रविवारी त्या कुत्रेवाल्यानं तो पट्टा ओढून काढला आणि रुळांवर फेकला. ही रस्त्यात उतरली, पट्टा उचलला, बर्फ झटकला आणि त्याच्यासमोर पुन्हा बांधला. हे मला अमेरिकन मुलीनं सांगितलं, आणि सांगताना ती रडत होती. ही उकाळा फुंकत बसली होती.

त्यांच्यावरच्या साहेबांचा फोन आला. पुन्हा काही झालं तर लगेच दुसऱ्या गावी बदली, आणि रविवारी त्या स्टॉपवर जायचं नाही. हिनं पोलिसांत तक्रार केली होती, साहेबांचं सगळं ऐकलंही होतं. पण बदली तिला नको होती. "त्याच्यामुळे गेले तर गाव त्याचं झालं," एवढंच मला म्हणाली. तिनं साहेबांकडे फार विनवण्या केल्या. शेवटी ते म्हणाले, कुणी मोठं माणूस बरोबर असेल तर जा.

शनिवारी बेल वाजली, एकदाच. भिंगातून पाहिलं तर ही कठड्याशी.

"आजी, मोठं माणूस पाहिजे."

रविवारी सकाळी मी पेटी उघडून हिरवी इरकल काढली. खाली लोकरीचे पायमोजे, वर कोट, आणि कोटावरून पदर घेऊन पिन लावली. कुंकू नेहमीपेक्षा जरा मोठंच. मुलगा दारात आडवा आला. "अगं आई, बाहेर किती थंडी आहे."

म्हटलं, थंडी मलाही कळते रे. बाजूला हो.

झाला बाजूला. मग बूट घालून आमच्या मागे आला, पण अंतर ठेवून.

कुत्रेवाला होताच. आम्हाला पाहून मोठ्यानं म्हणाला, "बायांनो, फाशिंग संपलं." म्हणजे सोंगं घ्यायचा सण आटोपला, आता घरी जा. या वेळी मला सगळं कळलं. तिनं काय केलं माहीत आहे? जरा मागे सरकली, त्याला नीट दिसावं म्हणून, आणि गुटन मॉर्गन म्हणाली. मग मीही सरकले तिच्या शेजारी. जपून जपून ठेवलेलं माझं जर्मन बाहेर काढलं आणि म्हटलं, "आम्ही देवळात चाललोय. तुम्ही कुठे?"

त्याचं कुत्रं माझ्या निऱ्या हुंगायला लागलं. त्यानं ते ओढलं, ट्राम आली, तो मागच्या डब्यात चढला. आम्ही पुढच्या. त्यांच्या देवळात मी शेवटच्या बाकावर बसून माझी माळ ओढली, कुणी हरकत घेतली नाही.

त्यानंतर कित्येक रविवार आम्ही त्या स्टॉपवर उभ्या राहिलो. तो कधी पुटपुटायचा, कधी पाठ फिरवायचा. उन्हाळ्यात तिला बॉनला पाठवलं, त्यांच्या नेहमीच्या फिरत्या बदल्यांत. ती गेली ती तिच्या वेळेला, त्याच्या नाही. जाताना गवती चहाचं एक ठोंब ओल्या कागदात गुंडाळून दिलं मी.

आता वरच्या मजल्यावर दुसऱ्या मुली आल्या आहेत. चांगल्या आहेत, पण दाराला नाक लावून उभ्या राहतात आणि बेल दोनदा वाजवतात. पँट्स मी मुलाला परत दिल्या. रविवारी मी एकटीच ट्रामच्या स्टॉपवर जाते, दोन स्टॉप फिरून येण्यापुरती का होईना. छपराखाली बाकावर जागा असते, पण मी बसत नाही. जरा मागे, उघड्यावर, पदर नीट करून उभी राहते. कुत्रेवाला येतो. बघू दे.