पांढऱ्या लुगड्याची ओटी

समुद्रकाठी मोठं तुफान झालं, गावंच्या गावं वाहून गेली, ही बातमी पांढरकवड्याला वर्तमानपत्राच्या आधी ट्रकवाल्यांनी आणली. हैदराबादच्या रस्त्यावरचं गाव आमचं. तिकडचं बरंवाईट आधी अड्ड्यावरच्या चहाच्या दुकानात पोचायचं. गावाने मनावर घेतलं. अड्ड्यावरच्या मिस्त्रीचाचांनी आपला ट्रक फुकट देऊ केला आणि कपडे-धान्य गोळा करायला बैलगाडी निघाली. चौघं जण चादरीची टोकं धरून पुढे चालायचे, लोक घरातून आणून तिच्यात कपडे टाकायचे.

आलेलं निवडायचं काम शाळेच्या वऱ्हांड्यात, आम्हा मास्तरणींकडे. काय काय आलं म्हणून सांगू! बाह्या नसलेले सदरे, गुडघ्यावर खिडक्या पडलेले पायजमे. एका भल्या माणसाने तर लग्नातला फेटा दिलेला, तोही कसर लागलेला. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण इथे मोजायला दातच नव्हते. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. मी म्हटलं, "तुफानात नागडे झालेल्यांना हे घालून आणखी नागडं करायचं का?" सगळ्या हसल्या आणि पुन्हा निवडायला लागल्या.

घरी माझ्या सासूबाई गाडीची वाट पाहत होत्या. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, सगळी नागपूरला जाऊन बौद्ध झालेली. सासूबाई ऐन विशीत विधवा झाल्या आणि कापसाच्या जिनात मजुरी करून त्यांनी माझ्या नवऱ्याला वाढवलं. सकाळीच त्यांनी अंगण सारवलं होतं आणि मांडीवर घडी केलेलं लुगडं घेऊन त्या दारात बसल्या होत्या. गाडी वस्तीच्या तोंडाशी असलेल्या निंबापर्यंत आली आणि तिथूनच वळली. गाडीवाल्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "त्या गरिबांपाशी काय मागावं," असं त्यांचं म्हणणं. पण सासूबाईंना ते दुष्टाव्याहूनही लागलं.

"घ्यायच्या वक्ताले आमाले जन्मभर बोलावलं," त्या म्हणाल्या. "मेल्याच्या अंगावरचं घ्या, सणाचं उष्टं घ्या. आता द्यायची पाळी आली तं आमचं घरच दिसून नाही राह्यलं का याइले?"

मग त्या स्वतःच माझ्याबरोबर शाळेत आल्या. वऱ्हांड्याच्या पायरीवर क्षणभर थांबल्या, पदर सावरला आणि वर चढल्या. देखरेखीला गावातल्या वकिलांची बायको होती. मनाने मऊ बाई. तिने हसून लुगडं हातात घेतलं, उलगडलं, आणि त्यातून पसाभर ज्वारी, एक सुपारी नि गुळाचा खडा भुईवर सांडला. लुगडं पांढरं स्वच्छ होतं. दीक्षेच्या दिवशी नेसलेलं, आणि त्यानंतर पेटीतून न निघालेलं.

बाई म्हणाल्या, "अहो, ही तर ओटी. आणि पांढऱ्यात? पांढरं विधवेचं. विधवेची का कोणी ओटी भरतं?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दुसरं काही आणा ना. जुनं असलं तरी चालेल."

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण सासूबाईंनी माझा हात दाबला.

"जुनं नाही देत मी, बाईसाहेब. लोकाइचं जुनं नेसूनच माही उमर गेली, ते अंगाले कसं लागते मले माहीत हाये. हे लुगडं म्या एकच दिवस नेसलं. त्या दिवशी समद्याच बाया पांढऱ्यात होत्या. सवाशीण कोन, रांडमुंड कोन, कोनाले वळखू नाही आलं. त्या एका दिवशी मले कोनी बाजूले बस नाही म्हटलं. तिकडं तुफानात किती जणीइचे धनी गेले असतीन. त्याइची ओटी कोनी भरत नाही, म्हनून तं म्या भरली."

बाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, हातात भरगच्च बांगड्या. त्या खाली बसल्या आणि ज्वारीचे दाणे वेचू लागल्या. मीही बसले. फटीत गेलेले दाणे त्यांनी नखाने काढले, सगळं लुगड्याच्या पदरात बांधलं आणि गाठ मला मारायला दिली. मिस्त्रीचाचांनी ते गठ्ठ्यात घातलं नाही, ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवलं. सासूबाई परतताना ताठ चालत होत्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रडू आलं.

लुगडं कोणाला मिळालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. ट्रक आला, पुन्हा भाडं घेऊन गेला, गाव आपल्या कामाला लागलं.

त्यानंतर काही वर्षांनी माझा नवरा तापाने गेला. दिवस झाले, पाहुणे पांगले. वस्तीत नवा धर्म आला होता, पण जुन्या नजरा अजून होत्याच. शेजारच्या बारशाला मला कोणी बोलावलं नाही. मी चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसले होते. सासूबाई आल्या. पोटचा एकुलता मुलगा गेलेली ती बाई, डोळे सुजलेले. मला म्हणाल्या, "पोरी, पदर पसर."

मी पसरला. त्यांनी त्यात पसाभर ज्वारी घातली, एक सुपारी, गुळाचा खडा. दाणा एकही खाली पडला नाही.