एक नंबरची चिठ्ठी

मागच्या लोकसभेच्या वेळी माझं नाव माहेरी, नामपूरच्या यादीत होतं आणि मी सासरी नाशकात. मत द्यायचं राहूनच गेलं. या वेळी आधीच फॉर्म भरून नाव पंचवटीतल्या यादीत आणलं. देशभर मतदान टप्प्याटप्प्यानं चाललेलं. आमचा टप्पा येईपर्यंत मी रोज टीव्हीवर दुसऱ्यांच्या बोटांवरची शाई बघत होते.

आणि नेमकी मतदानाच्याच दिवशी ड्यूटी लागली. मी इंदिरानगरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. साडेचारला सुटायचं, तर पुढच्या पाळीची नर्स आलीच सव्वापाचला. मतदान सहापर्यंत! समोर आली त्या रिक्षात शिरले. आत एक भाजीवाली मावशी बसली होती, मांडीवर रिकामी पाटी.

"मत द्यायला चालले," ती आपणहून म्हणाली. "सकाळी म्हनलं, आधी माल विकू. आता बघ."

तिचं केंद्र आमच्या गल्लीमागची शाळाच निघाली. माझंही तेच.

पूल ओलांडला आणि पुढं सगळं ठप्प. सहाला दहा कमी. आम्ही एकमेकींकडे बघितलं, भाडं दिलं आणि पळत सुटलो. मे महिन्याचं ऊन अजून उतरलं नव्हतं. देवळाच्या कोपऱ्यावर मावशी थांबली.

"तू जाय पोरी. माझ्यानं नाय व्हत."

"काही नाही, चला!" मी तिची पाटी काखेत मारली, दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं. शाळेच्या फाटकावर हवालदार घड्याळ बघत उभाच होता.

"चला, चला, दोनच मिनिटं उरलीत!"

आम्ही आत गेलो आणि थोड्या वेळानं फाटक लागलं. रांगेत पुढं वीसेक माणसं. केंद्राध्यक्ष सह्या केलेल्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर आले ते थेट आमच्याकडेच. शेवटच्या मावशीला एक नंबर, मला दोन.

मावशी लगेच पुढं निघाली. "सरका, माझा पयला नंबर हाय!"

रांग हसली. साहेबही हसले. "अहो मावशी, तुमचा नंबर सगळ्यात शेवटी. चिठ्ठ्या आम्ही मागून वाटत येतो, म्हणजे सहानंतर कुणी मागं येऊन उभं राहू शकत नाही. पण आत आलेल्या प्रत्येकाचं मत होणार. सात वाजले तरी."

सात वाजले तरी! माझ्या जिवात जीव आला.

खोलीत माझं नाव मोठ्यानं वाचलं गेलं, पंचवटीच्या यादीतलं माझं नाव. शाई लागली, सही झाली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी बटण दाबलं. काचेत कागदाची चिठ्ठी दिसली, सात सेकंदांनी खाली पडली आणि लांब बीप वाजला.

मग मावशी. बोट मेथीच्या मातीनं भरलेलं. आधी ते पुसावं लागलं. मी दारातून तिचा बीप ऐकला. ती बाहेर आली, तसं साहेबांनी मशीन बंद करायचं बटण दाबलं.

"माझ्यासाठी थांबलं व्हतं का काय?" मावशीनं वळून विचारलं.

"हो," साहेब म्हणाले. "तुमच्यासाठीच."

पदरानं तोंड पुसताना शाईचं बोट तेवढं मावशीनं बाजूला धरलं होतं.