टोचणारं घोंगडं

मायाक्काची नऊ घोंगडी परत आली, तेव्हा ती रडत बसली नाही. नऊही गाठोड्यात बांधून तिनं सांगोल्याहून सोलापूरची एसटी धरली.

सासरे रेवणप्पा गेल्यापासून गावात घोंगड्यांचा तिचा एकटीचाच माग उरला होता. बाजारात यंत्रावरची मऊ ब्लँकेटं ‘घोंगडी’ म्हणून खपू लागली, म्हणून तिनं जुळे सोलापुरातल्या अमरेशकडून वेबसाइट करून घेतली. त्यावरून अकरा घोंगडी गेली आणि नऊ परत आली. खरखरीत आहेत, वास येतो, अशा तक्रारी. पुन्हा असं झालं तर माग मोडायचा, असं तिनं घरात सांगून टाकलं होतं.

अमरेशनं साइट उघडली. पांढऱ्याशुभ्र गादीवर एक गोरीपान बाई गालाला घोंगडं लावून हसत होती. वर लिहिलं होतं, ‘लोण्यासारखं मऊ’.

“ही कोण? आन् हे घोंगडं कुणाचं?”

“नेटवरचा फोटो आहे, मावशी. तुम्हीच म्हणालात की, छान करा.”

खरंच होतं ते. मागावर आलेलं गिऱ्हाईक नुसतं ‘छान विण’ म्हणालं असतं, तर तिनं त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. किती हात लांब, अंगावर घ्यायचं की अंथरायचं, रानात की घरात, कुणाच्या पाठीखाली, हे वदवून घेतल्याशिवाय तिनं जन्मात विणायचा धोटा हातात धरला नव्हता. आणि साइट सांगताना कॉम्प्युटर बघून तिचीच दातखीळ बसली होती! तिला स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्या रागानंच तिची जीभ सुटली.

तिनं गाठोडं सोडून एक घोंगडं त्याच्या गुबगुबीत खुर्चीवर अंथरलं. “बस. बाह्या वर कर.”

तो बसला. मिनिटभरात कोपर खाजवू लागला.

“टोचलं न्हवं? हेच लिव.”

“मावशी, असं लिहिलं तर कोण घेणार?”

“ज्याला पायजे त्यो. आता नीट ऐक. फोटू माझ्या मागाचा आन् माझ्या काळ्या मेंढरांचा घाल. चिंचोक्याची खळ लावलीया म्हणून ताठ हाय, हे लिव. वास येतो, उन्हात टाकलं की कमी हुतो. कुणासाठी आन् किती हात, हे गिऱ्हाइकानं आधी सांगायचं. न्हाय सांगितलं तर घोंगडं न्हाय. आन् ती हसणारी बाई काढ!”

“पण डिझाइनच्या दृष्टीनं...”

“तुज्या दृष्टीनं लई झालं. आता पाठीनं बघ.”

तो वैतागला. मायाक्कानं गाठोडं दारातच ठेवलं आणि ती त्यावर बसून राहिली. तीन तासांनी पहिली ओळ बदलली: ‘हे घोंगडं टोचतं.’

तीच नऊ घोंगडी, न धुता, न बदलता, दीड महिन्यात पुन्हा गेली. वैरागच्या एका बाईनं लिहिलं होतं, ‘सासऱ्यांच्या दुखऱ्या कंबरेखाली, सात हात, ताठच पाठवा.’ त्यानंतर कुरिअरची गाडी वाजली की मायाक्का कमरेवर हात ठेवून अंगणात उभी राहायची. एकही घोंगडं परत आलं नाही.

मग अमरेशचाच फोन आला. “मावशी, आता जम बसलाय. ती टोचण्याची ओळ जरा बारीक करू का? डोळ्यांत खुपते.”

मागावरून न उठता मायाक्का म्हणाली, “आजून मोठी कर.”